प्रतिपिंडाची परीक्षा

'रग' आणि 'रंग' यांत फरक एका अनुस्वाराचा, पण अर्थ पार बदलतो. आपल्या पेशींतही असे अनुस्वार असतात!

एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे २ मीटर भरेल. तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. हिस्टोनच्या शेपटीवर पेशी छोटे रासायनिक गट चिकटवते. एच-३ हिस्टोनच्या ४ थ्या जागी तीन मिथिल गट असले तर तिथले जनुक बहुधा चालू असते. ९ व्या किंवा २७ व्या जागी असले तर बहुधा बंद.

या खुणा ओळखायला शास्त्रज्ञ प्रतिपिंडे वापरतात. पण ९ आणि २७ या दोन्ही जागी ॲलनिन, आर्जिनिन, लायसिन, सेरिन ही अमिनो आम्ले त्याच क्रमाने येतात. तुमचा 'घ' आणि 'ध' यांत गोंधळ होतो, तसा प्रतिपिंडाचाही होतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत २०० हून अधिक प्रतिपिंडांपैकी पाव हिश्श्याहून जास्त नापास झाली. २०२० साली अमेरिकेत मंजूर झालेले टॅझेमेटोस्टॅट हे कर्करोगावरील औषध २७ व्या जागी मिथिल गट लावणाऱ्या एन्झाइमला अडवते. प्रतिपिंडाने ९ लाच २७ म्हटले, तर औषध लागू पडले की नाही हे कसे कळणार?

म्हणून परीक्षा घ्यायची. शेपटीचे छोटे तुकडे, म्हणजे पेप्टाइड, प्रयोगशाळेत बनवता येतात. '२७ चे' म्हणून घेतलेले प्रतिपिंड चार नळ्यांत सारखे वाटा.

१. पहिलीत पेप्टाइड घालू नका.
२. दुसरीत मिथिल नसलेले पेप्टाइड भरपूर घाला.
३. तिसरीत ९ व्या जागी मिथिल असलेले घाला.
४. चौथीत २७ व्या जागी मिथिल असलेले घाला.

थोडा वेळ ठेवून चारही नळ्या सारख्याच नमुन्यांवर वापरा. चौथीत प्रतिपिंडाचे हात पेप्टाइडनेच भरून जातात, म्हणून खूण उमटत नाही. फक्त चौथीतच खूण पुसली गेली, तर प्रतिपिंड पास!

आम्ही संगणकवाले प्रोग्रॅमला मुद्दाम चुकीची माहिती देऊन बघतो, तसेच हे. तरी एक लक्षात ठेवा: प्रतिपिंड दुसऱ्याच प्रथिनाला त्याच हातांनी धरत असेल, तर तीही खूण पुसली जाते. म्हणून ही एकच परीक्षा पुरत नाही.

शब्दार्थ: प्रतिपिंड – ठरावीक रेणूला धरणारे प्रथिन. जनुक – आनुवंशिक गुणांची सूचना.

प्रश्न: तिसऱ्या नळीतही खूण पुसली गेली, तर काय समजाल? आईबाबांना मराठीतून सांगा.