फाइलीत नसलेलं दुखणं

त्या वर्षी माझी फाइल चांगली जाडजूड झाली होती. थायरॉईड, बी-१२, सोनोग्राफी, ईसीजी, सगळं नॉर्मल. "टेन्शन घेऊ नका, जरा फिरून या," एवढं सांगून डॉक्टरांनी पुढचा पेशंट बोलावला. पहाटे जाग यायची आणि आता जगायलाच नको असं वाटायचं, हे त्या फाइलीत कुठेच नव्हतं. त्यांनी विचारलं नाही, मी बोललो नाही. असे विचार येणारी माणसं दवाखान्यात जातच नाहीत असं नाही. पुष्कळ जण जातात, आणि पोट, छाती, झोप एवढंच सांगून परततात.

शेवटी मेव्हण्यानं सरळ विचारलं, "दाजी, जिवाचं काही बरंवाईट करून घ्यायचं डोक्यात येतं का?" असं विचारल्यानं नसता विचार डोक्यात शिरतो म्हणतात, ते खोटं. मला उलट हायसं वाटलं. त्यानंच मला जिल्हा रुग्णालयात नेलं. तिथे मानसोपचाराची ओपीडी असते हे मला ठाऊकही नव्हतं. केसपेपरच्या खिडकीतल्या बाईंनी खणखणीत आवाजात "मानसिक का?" विचारलं, तेव्हा मी चपलांकडे बघत राहिलो. रांगेत आमच्या गल्लीतले एक काका होते. तेही चपलाच बघत होते.

तिथल्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. मरायचे विचार कधीपासून येतात, काही ठरवलंय का, घरी सोबत कोण असतं, दारू घेता का? इथे लपवाछपवी करू नका. घरी पाठवायचं, आठवड्याभरात परत बोलवायचं की दाखल करून घ्यायचं, हे तुमच्या उत्तरांवरच ठरतं. पोलीस केसची भीतीही नको. विचार येणं हा गुन्हा कधीच नव्हता. प्रयत्न केलेला माणूससुद्धा तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरावं आणि त्याला शिक्षा करू नये, असं २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो.

ओपीडीची वेळ टळली असेल किंवा दवाखान्याची पायरी चढवत नसेल, तर १४४१६ लावा. ही सरकारची 'टेलि-मानस' सेवा, २०२२ पासूनची. फोन मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात. मात्र आजच काही करून घेईन असं वाटत असेल, तर जवळच्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा, आणि घरच्यांनी त्या माणसाला एकटं सोडू नये.

गोळ्यांचं मात्र नीट ऐका. मळमळ, गुंगी आधी येते. गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात, आणि नेमकं याच काळात लोक औषध सोडून देतात. त्रास होतोय, बेचैनी किंवा विचार वाढलेत, तर गोळी मनानं बंद न करता लगेच डॉक्टरांना कळवा. आमच्याकडे गोळ्या मेव्हणा सांभाळायचा आणि थोड्याथोड्याच द्यायचा. लहान पोरासारखं वागवतो म्हणून मी चिडायचो, डॉक्टरांकडे तक्रारही केली. ते म्हणाले, "चिडा खुशाल, पण गोळ्या त्यांच्याकडेच राहू द्या."