संशोधकहो, पावसाळ्यातही या

ग्रामसभांसारख्या संघटना अनुभवातून कशा शिकतात, याचा अभ्यास करायला चंद्रपूर-गडचिरोलीत पथकं येतात. मी त्यांच्यासोबत दुभाषा म्हणून फिरतो, गोंडीतून मराठीत. माणसं हुशार असतात, कष्टाळूही. फक्त आपल्या नजरेतून काय निसटतंय, हे तपासायची सोय त्यांच्या प्रश्नावलीत नसते.

पाचगावचंच घ्या. गोंडपिपरी तालुक्यातल्या या गावाला 2012 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. बांबूतून हाताला काम आलं. तेंदूपानातही पैसा होता, तरी ग्रामसभेने पानं तोडणंच बंद केलं. कोवळी पानं फुटावीत म्हणून झाडं छाटायची, आग लावायची, मग फळ कुठून धरणार आणि जंगल कसं टिकणार, हा हिशेब त्यामागे होता. काम सुधारून थांबायचं नाही, कामाचा हेतूच तपासायचा, याला संघटनांच्या शिकण्याचे अभ्यासक ख्रिस अर्गिरिस यांनी दुहेरी वळशाचं (डबल-लूप) शिकणं म्हटलंय. एका पथकाच्या तक्त्यात मात्र तेंदू सोडलेल्या गावापुढे आकडा पडला शून्य, आणि शेरा 'क्षमतेचा अभाव'.

मी म्हटलं, "सर, त्यांनी हे ठरवून बंद केलंय."

"बरोबर आहे हो, पण त्याला रकाना नाही."

उच्चशिक्षितांनाच शिकणं जड जातं, हेही अर्गिरिस यांनीच 1991 मध्ये लिहिलं. पथकातल्या सगळ्यांनी तो लेख वाचलेला होता!

दुसरी गोष्ट हंगामाची. अभ्यासक कोरड्या दिवसांत आणि डांबरी रस्त्यालगत फिरतात, असं ग्रामविकासाचे अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स 1983 मध्येच सांगून गेले. इथेही गाड्या येतात त्या थंडीत. पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटतो, तेव्हा धान्य, औषधं, बाळंतपणं लोक कशी निभावतात, ते वहीत येणार कसं?

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने बाहेरच्यांच्या या अपुऱ्या नजरेवर आपल्या परीने वाट काढली. तिथल्या अभ्यासगटात गावकरी आणि बाहेरचे जाणकार बरोबरीने बसतात, वाद घालतात. निर्णय मात्र ग्रामसभेचा, तोही सर्वसहमतीने. पाहुण्याला तिथे नुसते प्रश्न विचारून सुटता येत नाही.

तेव्हा येणाऱ्यांना सांगणं एवढंच. गावाने काय सुरू केलं हे विचाराल, तसं काय सोडलं आणि का, हेही विचारा. सरपंचाच्या ओसरीवरून उठून बायकांकडे जा. एक मुक्काम पावसाळ्यात करा. आणि अहवाल छापायला धाडण्याआधी ग्रामसभेत वाचून दाखवा. त्या दिवसाची मजुरी मी घेणार नाही.