आधी मोकळा बार, मग वजन

मी ताडकळसचा. लहानपणापासून सोयाबीनची पोती उचललेली, म्हणून होस्टेलला आल्यावर जिममध्ये पहिल्याच दिवशी शंभर किलोच्या डेडलिफ्टला हात घातला. कंबर धरली! त्या दिवाळीत बाबा एकटेच पोती वाहत होते अन् मी ओसरीवर बसून बघत होतो. त्यातून जे शिकलो, ते मित्रांनो, तुमच्यासाठी.

पॉवरलिफ्टिंगचे प्रकार तीनच : स्क्वॉट, बेंच प्रेस, डेडलिफ्ट. स्पर्धेत प्रत्येक प्रकाराला तीन संधी मिळतात आणि तिन्हींतल्या सर्वोत्तम वजनांची बेरीज धरतात.

सुरुवात २० किलोच्या मोकळ्या बारने करा. डेडलिफ्टला बार ठोकळ्यांवर, नडगीच्या मध्यापर्यंत उंच ठेवा. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी. स्क्वॉट आणि बेंचचे पाच-पाचचे तीन सेट, डेडलिफ्टचा एकच. सगळं नीट जमलं तरच पुढच्या वेळी अडीच किलो वाढवा. सलग दोनदा अडलं, तर १० टक्के कमी करून पुन्हा चढा. बेंच एकट्याने कधीच मारू नका.

आता आपलं मेकॅनिक्स. मोमेंट म्हणजे बल गुणिले अंतर. ६० किलोचा बार अंगापासून १० सेंटिमीटर पुढे गेला, की कमरेवरचा मोमेंट सुमारे ५९ न्यूटन-मीटरने वाढतो. म्हणून बार नडगीला चिकटूनच वर आला पाहिजे.

मेसमधलं वरण, उसळ सोडू नका. अंडी, शेंगदाणे जोडीला. झोप मात्र पुरेशी हवी, सबमिशन असलं तरी!

पुढच्या दिवाळीत पोती मी उचलली. पाठ सरळ, पोतं पोटाशी. बाबा एवढंच म्हणाले, "आता जमलं बघ."