शाळाखोलीचा पूर्वतपशील

शाळेस नवी खोली मंजूर होताच पुष्कळ मुख्याध्यापक '२५ फूट लांब, २० फूट रुंद, वर स्लॅब' एवढे लिहून मोकळे होतात. त्यावरून नकाशा निघतो खरा. पण तो कोणत्याही गावास चालेल असा. नकाशापूर्वीच्या तपशिलात गरजा लिहावयाच्या असतात. भिंत विटांची की दगडांची, हे अभियंत्याने ठरवावे. मात्र खोलीत मुले किती बसणार, जमिनीवर की बाकांवर, दोन इयत्ता एकत्र भरणार काय, हे शिक्षकावाचून त्यास कोण सांगणार?

उजेडाविषयी विशेष काळजीने लिहावे. 'खिडक्या मोठ्या असाव्यात' हे वाक्य निरुपयोगी होय. 'फळा चकाकू नये व मागच्या ओळीतील मुलास अक्षर दिसावे. उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या वहीवर हाताची सावली पडू नये' असे लिहिल्यास खिडक्या मुलांच्या डावीकडे हव्यात, हे अभियंत्यास आपोआप उमगते. पावसाचा मारा कोणत्या बाजूने बसतो, अंगणात पाणी कोठे साचते, हेही गावात राहणाऱ्यासच ठाऊक. जोते भरल्यावर ही माहिती व्यर्थ.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, अडथळाविरहित प्रवेश व मुलामुलींकरिता स्वतंत्र स्वच्छतागृहे सांगितली आहेत. हे शब्द केवळ उतरवून काढू नयेत. चाकाच्या खुर्चीवरचे मूल वर्गातून स्वच्छतागृहापर्यंत कोणाच्या मदतीवाचून गेले पाहिजे, असे स्पष्ट लिहावे. अन्यथा उतार वर्गाच्या दाराशी संपतो आणि स्वच्छतागृहापुढे तीन पायऱ्या उरतात.