मुलाखतीतील नेहमीचे प्रश्न आणि उमेदवाराचा आत्मविश्वास

नोकरीसाठी होणाऱ्या मुलाखतीविषयी उमेदवारांच्या मनात जितक्या भ्रामक समजुती असतात, तितक्या लेखी परीक्षेविषयी क्वचितच आढळतात. ज्याचा आवाज खणखणीत, ज्याचे इंग्रजी अस्खलित आणि ज्याला कोणत्याही प्रश्नाचे उत्तर तत्काळ सुचते तोच आत्मविश्वासाने बोलू शकतो, ही त्यांपैकी सर्वांत रूढ समजूत होय. ज्याच्या घरातील कोणीही पूर्वी अधिकारपदावर नव्हते अशा उमेदवाराला ती विशेष जाचते. हे गुण आपल्या वाट्याला आलेले नाहीत, अतएव आपली निवड होणे नाही, असा निष्कर्ष तो दाराबाहेर बसल्या बसल्याच काढून मोकळा होतो. ही समजूत कितपत खरी आहे, हे संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतील मुलाखतीच्या आधारे पाहता येईल.

मुलाखतीचे स्वरूप

कोठारी समितीच्या शिफारशींनुसार १९७९ पासून ही परीक्षा तीन टप्प्यांत घेतली जाते : पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत. मुलाखतीला आयोग ‘व्यक्तिमत्त्व चाचणी’ म्हणतो. २०१३ पासून मुख्य परीक्षेला १७५० आणि मुलाखतीला २७५, असे एकूण २०२५ गुण आहेत. म्हणजे मुलाखतीचा वाटा सुमारे साडेतेरा टक्के होतो. लेखी परीक्षेत जे ज्ञान तपासले गेले तेच पुन्हा तपासणे हा या चाचणीचा हेतू नाही. ही उलटतपासणी नसून सहज, तथापि हेतुपूर्वक चालविलेला संवाद आहे, अशी आयोगाची भूमिका आहे. बुद्धीची तत्परता, मुद्देसूद मांडणी, निर्णयातील समतोल, आवडीनिवडींची विविधता व खोली, बौद्धिक आणि नैतिक सचोटी हे गुण तेथे पाहिले जातात. आवाजाचा खणखणीतपणा या यादीत नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

मुलाखतीत अन्याय होऊ शकतो ही शंका मात्र निराधार नाही. हरियाणातील राज्यसेवेच्या निवडीसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये मुलाखतीचा मोठा वाटा अवाजवी ठरविला. तेथे हा वाटा सर्वसाधारण उमेदवारांसाठी सुमारे २२ टक्के आणि माजी सैनिकांसाठी ३३ टक्के होता. मुलाखतीचे गुण बरेचसे परीक्षकाच्या मनावर अवलंबून असतात, म्हणून त्यांना मर्यादा हवी, असे या निर्णयामागील सूत्र होते. पुढे १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारने ‘गट क’ आणि ‘गट ब’मधील अराजपत्रित पदांसाठी मुलाखत घेणेच बंद केले. जेथे ती उरली आहे तेथे परीक्षकाचे मन उमेदवाराच्या हाती नसते. त्याच्या हाती असते ते स्वतःच्या उत्तराचे.

अर्ज हाच प्रश्नसंच

उमेदवाराने भरून दिलेला सविस्तर अर्ज मंडळाच्या सदस्यांपुढे असतो. जन्मस्थान, शिक्षण, पूर्वीची नोकरी, छंद, सेवांचा पसंतिक्रम हे सर्व त्यात नमूद असते. नेहमीचे बहुतेक प्रश्न याच कागदातून उगवतात. सारांश, प्रश्नपत्रिकेचा मोठा भाग उमेदवाराने स्वतःच्याच हाताने लिहिलेला असतो, आणि तरीही पुष्कळांना तोच भाग सर्वांत कमी ठाऊक असतो.

समजा, बिहारमधील मुझफ्फरपूर जिल्ह्यातील एक तरुणी मुलाखतीला आली आहे. तिने पूसा येथील कृषी विद्यापीठाची पदवी घेतली आहे, दोन वर्षे बँकेत नोकरी केली आहे, आणि छंद म्हणून ‘बागकाम’ असे लिहिले आहे. ‘स्वतःविषयी काही सांगा’, या पहिल्या प्रश्नाला तिने अर्जातील तपशील पाठ म्हणून दाखविले, तर सदस्यांच्या हाती नवे काहीच पडत नाही. आपण कोणत्या भागातून आलो, काय शिकलो आणि त्या शिक्षणाने या सेवेकडे कसे वळविले, एवढे तीनचार वाक्यांत सांगणे पुरेसे आहे. त्या वाक्यांतूनच पुढचे प्रश्न निघतात. म्हणून ज्याविषयी बोलता येईल तेच त्यांत असावे.

‘दिल्लीतही पूसा आहे. या दोहोंचा काही संबंध आहे काय?’ हा प्रश्न तिला विचारला जाणे अगदी स्वाभाविक आहे. १९०५ मध्ये बिहारातील पूसा येथे कृषी संशोधन संस्था स्थापन झाली. १९३४ च्या भूकंपात तिची इमारत उद्ध्वस्त झाली. १९३६ मध्ये संस्था दिल्लीला हलली आणि गावाचे नाव आपल्यासोबत घेऊन गेली. ज्या आवारात चार वर्षे काढली त्याची एवढी हकीकत जिला माहीत आहे, तिला आत्मविश्वास उसना आणावा लागत नाही. छंदाचेही तसेच आहे. ‘बागकाम’ लिहिणाऱ्याला आपल्या मातीचा पोत आणि गुलाबाची छाटणी केव्हा करावी हे सांगता आले पाहिजे. नाहीतर तो शब्द अर्जात नसलेलाच बरा.

‘बँकेची नोकरी का सोडता?’

हा प्रश्न आरोप नव्हे. तथापि पुष्कळ उमेदवार तो आरोप समजतात आणि एकतर जुन्या नोकरीची निंदा करतात, नाहीतर ‘देशसेवा’ या एका शब्दाचा आश्रय घेतात. पीककर्जाची प्रकरणे हाताळताना, ज्याच्या नावावर जमीन नाही अशा कुळाला कर्ज मिळणे किती अवघड असते, हे त्या तरुणीने पाहिले असेल, तर तिने तेच सांगावे. वेतन, प्रतिष्ठा आणि नोकरीची शाश्वती यांचेही आकर्षण आहे, हे कबूल करण्यात कमीपणा नाही. सदस्यांनी असंख्य उमेदवारांच्या तोंडून त्यागाच्या गोष्टी ऐकलेल्या असतात.

अपयशाविषयीचा प्रश्नही याच जातीचा आहे. दोन वेळा परीक्षेत नापास झालेल्या उमेदवाराने नशिबाला किंवा शिकवणी वर्गाला बोल लावू नये. काय चुकले, ते केव्हा उमगले आणि त्यानंतर काय बदलले, या तीन गोष्टी क्रमाने सांगितल्या की उत्तर पूर्ण होते.

मत विचारले असता

मुझफ्फरपूरच्या उमेदवाराला बहुधा आणखी एक प्रश्न विचारला जाईल : ‘लिचीमुळे मुले मरतात, हे खरे काय?’ २०१९ च्या उन्हाळ्यात त्या भागात मेंदूच्या तीव्र विकाराने शंभराहून अधिक बालके दगावली. ‘होय’ म्हणावे तर जिल्ह्याचे प्रसिद्ध फळ आणि बागाइतदार गुन्हेगार ठरतात. ‘नाही’ म्हणावे तर संशोधन नाकारल्यासारखे होते. येथे घाई केलेली चालत नाही.

समतोल उत्तर काहीसे पुढीलप्रमाणे होईल : ‘२०१४ च्या साथीचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. लिचीत असे काही घटक असतात की ज्यांच्यामुळे उपाशी बालकाच्या रक्तातील साखर एकाएकी घटू शकते, आणि रात्री न जेवता झोपलेल्या मुलांना अधिक धोका होता, असे त्यात आढळले. कडक उष्मा आणि कुपोषण यांचा वाटा किती, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. परंतु प्रशासनापुरते पाहता मार्ग स्पष्ट आहे. मूल उपाशी झोपू नये, आणि आजारी पडल्यास त्याला जवळच्या आरोग्य केंद्रातच त्वरित ग्लुकोज मिळावे.’ या उत्तरात ज्ञात काय, वादग्रस्त काय आणि कर्तव्य कोणते, हे वेगवेगळे ठेवलेले आहे. सदस्य ज्याला समतोल म्हणतात तो हाच. असे उत्तर देण्यासाठी वक्तृत्व लागत नाही. आपल्या जिल्ह्यातील त्या मुलांविषयी मनापासून विचार केलेला असावा लागतो.

‘मला ठाऊक नाही’

सर्वांत कठीण उत्तर हेच. माहीत नसलेल्या गोष्टीविषयी अंदाज ठोकणारा उमेदवार पुढच्याच प्रश्नात अडकतो, आणि मग त्याच्या खऱ्या उत्तरांवरचाही विश्वास उडतो. ‘मला हे ठाऊक नाही’, असे नजर न चुकविता, एकदाच आणि क्षमायाचनेची माळ न लावता सांगणे हा सचोटीचा पुरावाच होय. तर्काने काही सांगता येण्याजोगे असेल, तर तो तर्क आहे असे आधी सांगून मग बोलावे.

भाषेविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. ज्याने मुख्य परीक्षा हिंदी, मराठी, तमिळ अथवा अन्य मान्य भारतीय भाषेत लिहिली त्याला त्याच भाषेत मुलाखत देता येते. ज्या भाषेत विचार चालतो ती निवडणे ही माघार नव्हे. अडखळत बोललेले इंग्रजी जे झाकून टाकते, ते स्वभाषेतील साधे वाक्य उघड करते.

तात्पर्य, आत्मविश्वास ही मुलाखतीच्या दिवशी अंगावर चढविण्याची वस्त्रे नव्हेत. स्वतःचे गाव, स्वतःचे शिक्षण, स्वतःच्या चुका आणि स्वतःच्या ज्ञानाची सीमा यांचा ज्याने शांतपणे हिशेब मांडला आहे, त्याला कोणत्याही नेहमीच्या प्रश्नाची भीती उरत नाही.

अभ्यास

१. स्वतःच्या अर्जातील प्रत्येक शब्दासमोर त्यातून निघू शकणारे तीन प्रश्न लिहावेत.

२. आपल्या जिल्ह्यातील एका वादग्रस्त प्रश्नाविषयी ज्ञात, वादग्रस्त आणि कर्तव्य असे तीन रकाने करून उत्तर तयार करावे.

३. ते उत्तर अशा माणसाला ऐकवावे की ज्याला तो विषय परका आहे. त्याला ते समजले नाही, तर पुन्हा लिहावे.