‘मावशी, भाजी वाढ’ की ‘वाढा’?

हॉस्टेलवर राहणारा माणूस दिवसभरात किती अनोळखी लोकांना हाका मारतो ते एकदा मोजून बघा. गेटवरचे मामा, मेसमधल्या मावशी, टपरीवरचे अण्णा, रिक्षावाले काका, झेरॉक्सवाला भाऊ, आणि ज्याच्याशी कुठलंच नातं सुचत नाही तो ‘बॉस’. यांतल्या बहुतेकांचं नाव आपल्याला ठाऊक नसतं. त्याला इलाजही नाही, कारण मराठीत अनोळखी माणसाला हाक मारायला साधा, बिनवासाचा शब्दच नाही. ‘महाशय’ म्हणालात तर समोरच्याला वाटेल टिंगल चाललीय. म्हणून आपण नातं उसनं घेतो. साताऱ्या-सांगलीकडच्या खेड्यात तर ओळखदेख नसलेल्यालाही ‘काय पाव्हणं, कुठलं गाव?’ असं विचारतात. माझ्या मते हा आपल्या भाषेतला सगळ्यात झकास शब्द, कारण पाहुण्याला कोणी कमी लेखत नाही.

हॉस्टेलमध्ये पहिली ठिणगी पडते ती मात्र ‘बे’वरून. नागपूरचा पोरगा ‘काय बे, जेवला का?’ म्हणतो ते मायेनं; नाशिकच्या रूम पार्टनरला ती शिवी वाटते. कोल्हापूरचा ‘भावा’ आणि ‘मर्दा’ सगळीकडे खपून जातो, ‘बे’ खपत नाही. पण हे भांडण बरोबरीच्यांचं असतं, दोन दिवसांत मिटतं. (आणि नागपूरचा पोरगाही आपल्या काकांना ‘बे’ म्हणत नाही, हे लक्षात घ्या.) ‘भय्या’चं तसं नाही. हिंदीत त्याचा अर्थ सरळ भाऊ. मुंबई-पुण्यात तो एका मुलखातल्या माणसांवर मारलेला शिक्का झाला. शब्द तोच, पण ‘ए’ लावून म्हटला की त्यातला भाऊ निघून जातो.

तरी मला वाटतं, खरी गोम संबोधनात नाहीच, ती क्रियापदात आहे. मराठीत मान राहतो तो शेवटच्या काना-मात्रेत. वाढ आणि वाढा, दे आणि द्या, थांब आणि थांबा. भांडण हाताबाहेर गेलं की आपण म्हणतो ‘एकेरीवर आलं’. म्हणजे शिवी देण्याच्या आधीची पायरी कुठली, हे भाषेनंच सांगून ठेवलंय.

आता घरातली गंमत बघा. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी आई, आजी, मावशी, आत्या यांना ‘तू’. बाबा, काका, मामा यांना ‘तुम्ही’. त्यामुळे मेसमध्ये ‘मावशी’ हा शब्द तोंडातून निघाला की मागोमाग ‘तू’ आपोआप येतो. ‘मावशी, भाजी वाढ ना.’ विचारलं तर उत्तर तयार असतं, ‘अरे, आम्ही प्रेमानं म्हणतो!’ खोटं नाही ते. पण सख्खी मावशी त्या ‘तू’ची वसुली करते. ती कान पिळते, गाढवा म्हणते. मेसमधल्या मावशी काय म्हणतात? ‘दादा, पोळी घ्या.’ पन्नाशीची बाई अठरा वर्षांच्या पोराला ‘घ्या’ म्हणते आणि तो तिला ‘वाढ’ म्हणतो.

या विषयावर रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांनी १९६० साली लिहिलेला निबंध प्रसिद्ध आहे. युरोपातल्या भाषांतल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’चा विचार करून ते दोन गोष्टी वेगळ्या काढतात. दोन्ही बाजूंनी ‘तू’ असेल तर ती जवळीक. एकाच बाजूनं असेल तर ती सत्ता. त्यासाठी युरोपात जायचीही गरज नाही म्हणा. पाटलाचं पोर साठीच्या बलुतेदाराला अरे-तुरे करायचं, हे आपल्या गावांतल्या म्हाताऱ्यांना विचारा. त्या पोरालाही त्यात काही वावगं वाटत नसे. आणि वारीत जे ‘माऊली’ चालतं ते का चालतं, तर डॉक्टरही शेतमजुराला माऊली म्हणतो आणि शेतमजूरही डॉक्टरला.

नुसतं ‘तुम्ही’ म्हटलं की झालं, असंही नाही. ‘अहो, तुम्हाला कळतं का काही?’ यात व्याकरणानं मान पुरेपूर दिलाय. काही मंडळींचा त्यात हातखंडा असतो. आणि हे सगळं फक्त पोरांपुरतंच नाही. आमचं शिक्षण सुरू व्हायच्या आधीपासून लॅब सांभाळणाऱ्या अटेंडंटना स्टाफरूममधून ‘अरे, इकडे ये’ अशी हाक जाते, ती आम्हीही ऐकतो.

मला अजून न सुटलेला प्रश्न टपरीवरच्या पोराचा आहे. तो आपल्याच वयाचा, त्याला ‘तुम्ही’ म्हणणं नाटकी वाटेल, तेव्हा ‘तू’च बरोबर. पण सगळे त्याला ‘छोटू’ म्हणतात, आणि उंचीनं तो आमच्यातल्या निम्म्या पोरांपेक्षा मोठा आहे. त्यानंही आपल्याला ‘तू’ म्हणावं, म्हणजे हिशेब चुकता होईल. सध्या तो आपल्याला ‘सर’ म्हणतो.