सहलीला वॉकी-टॉकी घेताना : पालकांसाठी थोडी माहिती, मुलांसाठी थोडं विज्ञान



दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरची मंडळी पाचनईच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर गेलो होतो. धाकट्या भावजींनी अमेरिकेतून येताना वॉकी-टॉकीची एक जोडी आणली होती. खोक्यावर छापलेलं, पल्ला 35 किलोमीटर. त्यामुळे आम्ही अगदी निर्धास्त. भावजी दोन मोठ्या मुलांना घेऊन पुढे गेले. मी, हे आणि आमची धाकटी मागून रमतगमत. कड्याच्या पोटातून वाट वळली, धुकं उतरलं आणि पुढची मंडळी दिसेनाशी झाली. मोबाईलला रेंज नव्हतीच. बटण दाबून हाका मारल्या तर नुसती खरखर. पाऊण तास माझ्या जिवात जीव नव्हता. वर पठाराच्या कडेला पाय ठेवला आणि लगेच पुतण्याचा आवाज आला, "काकू, कुठे आहात? आम्ही देवळापाशी!" अंतर जेमतेम किलोमीटरभर असेल.

यंत्र बिघडलं नव्हतं. घोळ आमच्या समजुतीत होता.

घरगुती वॉकी-टॉकीच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगराचा सोंड आला की संपलं. दाट झाडी आणि भिंतीसुद्धा लहरी शोषतात. मग 35 किलोमीटर खोटं का? अगदीच खोटं नाही. हे मोठ्या वर्गातल्या मुलांकडून गणितात काढून घेता येतं. पृथ्वी गोल असल्याने आपल्याला क्षितिज किती दूर दिसतं, याचं सोपं सूत्र आहे : उंचीचं (मीटरमध्ये) वर्गमूळ काढायचं आणि त्याला 3.57 ने गुणायचं. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. डोळे दीड मीटरवर असतील तर सपाट मैदानात साधारण 4.4 किलोमीटर. समोरचाही तेवढाच उंच असेल तर दोघांचं मिळून पावणेनऊच्या आसपास. रेडिओलहरी याहून किंचित पुढे जातात, एवढंच. मात्र शंभर मीटर उंच टेकडीवर उभं राहिलं तर हेच क्षितिज 35.7 किलोमीटरवर जातं! म्हणजे खोक्यावरचा आकडा डोंगरमाथ्यावरून मोकळ्या दरीत बोलणाऱ्याचा. आपण असतो जंगलात नाहीतर घळीत. तिथे एखादा किलोमीटर मिळाला तरी पुष्कळ, असं धरूनच चालावं.

आता त्याहून महत्त्वाची गोष्ट, जी मला स्वतःला घरी आल्यावर कळली. अमेरिकेत विनापरवाना चालणारे कौटुंबिक संच 462 आणि 467 मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात. भारतात ते पट्टे असे मोकळे नाहीत. आपल्याकडे विनापरवाना वॉकी-टॉकीसाठी 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ हा पट्टा आहे. म्हणजे प्रेमाने आणलेली ती भेट आपल्या डोंगरात वापरणं नियमात बसत नाही. भावजींना वाईट वाटलं, पण जोडी त्यांच्यासोबत परत गेली. परदेशातले नातेवाईक "काय आणू?" विचारतात तेव्हा हे आठवणीत असू द्या.

ऑनलाइन घेतानाही हाच आकडा आधी बघा. स्वस्तातले, पाच वॅटचे, वाटेल तो चॅनल लावता येणारे संच दिसायला दणकट असतात, पण ते पोलीस किंवा इतर सेवांच्या लहरींवरही जाऊ शकतात आणि ते घरगुती वापरासाठी नाहीत. 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा बेकायदा विक्रीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. विक्रेत्याला दोन प्रश्न विचारायचे : कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतो, आणि दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसीची 'इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल' आहे का? उत्तर टाळलं तर पुढचं दुकान बघायचं.

या पट्ट्यातले संच साधारण अर्ध्या वॅटचे असतात. कमी वाटतं ना? पण डोंगर आडवा आला तर पाच वॅटही फारसे कामाला येत नाहीत.

बाकीचं पटकन सांगते. बॅटरी पेन्सिल सेलवर चालणारी असेल तर गडाखालच्या टपरीवरही सेल मिळतात. आतलीच बॅटरी असेल तर पॉवर बँकेवर चार्ज होते का ते बघा. पावसाळी भटकंतीसाठी आयपीएक्स4 म्हणजे शिंतोडे सोसणारा, आयपी67 म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरणारा. बटण लहान मुलाच्या अंगठ्याने दाबलं जातं का, हे दुकानात मुलाच्याच हातात देऊन बघावं. 'प्रायव्हसी कोड' या शब्दाला मात्र भुलू नका. त्याने दुसऱ्यांचं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही, पण आपलं बोलणं त्या चॅनलवरचा कुणीही ऐकू शकतो. मुलांना पूर्ण नाव, पत्ता, मुक्कामाची जागा त्यावर सांगू नका म्हणून बजवा.

घेतल्यावर मैदानात एक तास खेळ घ्या. एका वेळी एकानेच बोलायचं. बटण दाबायचं, मनात "एक" म्हणायचं, मग बोलायचं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. संपलं की "ओव्हर". मग एकाने शाळेच्या इमारतीमागे जायचं, एकाने गच्चीवर (मोठं माणूस सोबत), आणि आवाज कुठे तुटला ते वहीत लिहायचं. आमच्या धाकटीने पाण्याच्या टाकीमागे पहिली फुली मारली.

आणि गडावर? आता आमचं ठरलंय : दर अर्ध्या तासाने हाक. उत्तर नाही आलं तर पुढच्यांनी आहे तिथेच थांबायचं, मागच्यांनी चालत राहायचं. वाट फुटते तिथे मात्र यंत्र असो-नसो, सगळे एकत्र आल्याशिवाय कुणीही पुढे जायचं नाही.